नाव घातलेला माल

"हा झगा आपला, की परत द्यायचा?" तात्यांनी विचारलं.

विद्यापीठाच्या मांडवाच्या तोंडाशी मी पदवीदानाचा काळा गाऊन नुकताच अंगात चढवला होता आणि तो पुढून कुठला आणि मागून कुठला हे ठरवत होतो.

"परत द्यायचा, तात्या. भाड्यानं असतो."

"नाव घातलंय का कुणाचं त्याच्यावर?"

"नाही."

"मग ठीक," तात्या म्हणाले. "बिननावाचा माल फिरवता येतो. नाव घातलेला फिरवता येत नाही. तो ज्याचा त्यानंच न्यायचा."

मागे वायरची पिशवी धरून उभ्या असलेल्या कमलवहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच पिशवीकडे पाहिलं. कारण त्या पिशवीत, भाकऱ्यांच्या आणि लसणाच्या चटणीच्या खाली, तसलाच दुसरा एक गाऊन घडी घालून ठेवलेला होता आणि तात्यांना त्याचा पत्ता नव्हता.

आमचं कराडला भांड्यांचं दुकान. तांब्यापितळेचं, आणि नुकतंच स्टीलचंही. तात्या म्हणजे माझे वडील, विठोबा वडके. भांडी काय, कुणीही विकतो. तात्यांचा लौकिक होता तो भांड्यांवर नावं घालण्याचा. लग्नाचा हंगाम आला की हातात छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन ते दुकानाच्या उंबऱ्याजवळ बसत, आणि पेठेतल्या निम्म्या संसारांची नावं टिंबाटिंबांनी त्यांच्या मांडीवर उमटत. वडिलांनी आयुष्यभर नावं घातली. मी पुढे वर्तमानपत्रात चाळीसेक वर्षं नावं ठेवली. घरचाच धंदा म्हणायचा, थोडा वळवून घेतलेला.

मात्र तात्यांचं एका गोष्टीशी हाडवैर होतं. जोडाक्षर. सरळ अक्षर ते डोळे मिटून घालत. जोडाक्षर आलं की घाम पुसत. त्यामुळे आमच्या घरात त्यांनी काळजी घेतली होती. थोरल्या मुलाचं नाव दशरथ, माझं नरहर. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. "नाव कसं सुटसुटीत असावं," ते म्हणत. आडनावाला एक मात्रा होती, पण तो पूर्वजांचा हलगर्जीपणा.

अशा माणसाच्या दुकानात एकदा लांजेकर गुरुजी आले. ओगलेवाडीचे. मुलगी मॅट्रिक पास झाली होती आणि तिला कॉलेजात घालायचं म्हणून तिच्यासाठी फिरकीचा तांब्या घ्यायला आले होते. प्रवासाचा, झाकण फिरवून घट्ट बसवायचा. त्यावर मुलीचं नाव हवं होतं. नाव होतं ज्योत्स्ना.

तात्यांनी खूप वेळ घेतला. मग तांब्या गुरुजींच्या हातात दिला. गुरुजींनी चष्मा लावून वाचलं.

"'स' राहिला," ते म्हणाले.

"कुठला?"

"त, स आणि न. तिघं आहेत. तुम्ही दोघंच घेतलेत. 'ज्योत्ना' झालंय."

"एवढ्याशा जागेत गुरुजी, किती जण उभे करायचे!" तात्या म्हणाले. पण शरमले. "हा राहू दे. पुढच्या आठवड्यात दुसरा करून देतो."

पुढच्या आठवड्यात तात्या तांब्या घेऊन ओगलेवाडीला गेले नाहीत. दशरथदादाचं स्थळ घेऊन गेले. माणसं चांगली, दुकान चालतं, मुलगा निर्व्यसनी. कॉलेजचं राहिलं. लग्नात ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा भटजींनी विचारलं, "काय नाव ठेवायचं?" आणि तात्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "कमल."

क, म, ल. छिन्नीच्या तीन फेऱ्यांत उरकणारं.

'स' राहिलेला तांब्या मात्र तात्यांनी टाकला नाही. नाव घातलेलं, म्हणून विकताही येईना. मग तो तेच वापरू लागले. बाहेरचं पाणी त्यांना चालत नसे. कुठंही जाताना तो तांब्या बरोबर. त्या दिवशीही तो त्यांच्या काखेत होता. बाहेरचं अन्नही चालत नसे, म्हणूनच तर डबा घेऊन वहिनी बरोबर आल्या होत्या. निदान तात्यांची समजूत तशी होती.

खरी गोष्ट अशी, की त्या दिवशी पदवी दोघांना मिळायची होती.

मी शहरात वसतिगृहात राहून बी. ए. करत होतो आणि दर सुट्टीत पुस्तकं घरी नेत होतो. पहिल्या सुट्टीनंतर पुस्तकांत मला चिंचेचे डाग दिसले. दुसऱ्या सुट्टीनंतर समासात टिपणं दिसली, आणि ती माझ्या प्राध्यापकांच्या टिपणांपेक्षा बरी होती. वहिनी दुपारी माजघरात पितळी भांडी चिंचेनं घासायला बसत. शेजारी पाटावर पुस्तक उघडं. मग मीच बहिःस्थ परीक्षेचा अर्ज आणून दिला. मॅट्रिकच्या दाखल्यावरचं नाव लावायचं, म्हणून माहेरचं नाव. एप्रिलात त्या ओगलेवाडीला माहेरपणाला जात आणि तिथून पेपर देऊन येत. दादाला ठाऊक होतं. दादा कुठल्याच बाबतीत काही बोलत नसे, त्यामुळे त्याच्यापाशी गुपित सुरक्षित होतं. त्याच्यापाशी उघड गोष्टीसुद्धा सुरक्षित असत.

तात्यांना सांगायची सोय नव्हती. मी एकदा चाचपून पाहिलं होतं.

"वहिनींनी पुढे शिकलं तर?"

"कशाला?"

"कन्याशाळेत शिक्षिका हव्यात म्हणतात."

"आणि पेठेत काय सांगू? वडक्यांची सून नोकरीला जाते? लोक म्हणतील, दुकान बसलं. नावं ठेवतील. घरात एक बी. ए. होतोय तेवढा बास."

पण कन्याशाळेच्या बाईंनी वहिनींना शब्द दिला होता. हातात पदवी असेल तर जूनपासून या. आता प्रश्न एवढाच होता की पदवी हातात घ्यायची कशी आणि मग ती तात्यांना दाखवायची कशी.

"पोस्टानं मागवू," मी म्हटलं होतं.

"पोस्टमन दुकानात देतो सगळं. तात्यांच्या हातात."

"मग मी घेऊन येतो तुमच्या वतीनं."

"नाही भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मी येणार."

"कशाला धोका?"

"येणार म्हणजे येणार." एवढंच. कारण काही सांगितलं नाही.

तर मांडवाच्या तोंडाशी.

"बायकांची बसायची सोय निराळी आहे, तात्या," मी म्हणालो. मी अजून व्यवसायानं लेखक झालो नव्हतो, पण खोटं बोलताना चेहरा गंभीर ठेवायची तयारी तेव्हापासूनची. "वहिनी तिकडे बसतील. तुम्ही इथं मागं, पाहुण्यांत बसा."

"बस जा सूनबाई," तात्या म्हणाले. "पिशवी सांभाळ. चटणीचा वास सुटलाय, कुणी उचलायचं."

वहिनी पिशवी घेऊन कनातीमागे गेल्या. थोड्या वेळानं पदवीधरांच्या रांगांत, मुलींच्या बाजूला, एक उंचेलीशी बाई गाऊन घालून बसलेली दिसली. आजूबाजूच्या मुली नाकाला रुमाल लावत होत्या. लसणाची चटणी घातलेली पदवी त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली.

समारंभ सुरू झाला. प्रमुख पाहुण्यांनी आम्हांला सांगितलं की देश आमच्याकडे डोळे लावून बसला आहे. मी मागं वळून पाहिलं. तात्या डोळे मिटून बसले होते. मग पाहुण्यांनी ज्ञानाचा दिवा, ज्ञानाचा सागर आणि ज्ञानाचा वृक्ष अशी प्रत्येकाची वेगवेगळी चौकशी केली. त्यानंतर नावं पुकारायला सुरुवात झाली.

"नरहर विठोबा वडके."

मी व्यासपीठावर गेलो, कुलगुरूंच्या हातून गुंडाळी घेतली आणि वळलो. मागं पाहुण्यांत तात्या उभे राहून डावी-उजवीकडे सगळ्यांना हात जोडत होते, लग्नात वरबाप जोडतो तसे. शेजारच्या अनोळखी माणसानंही उठून हात जोडले. त्याला वाटलं, तसंच करायचं असतं.

बहिःस्थांची नावं सगळ्यांत शेवटी होती. तोवर मांडव निम्मा रिकामा झाला होता. गाऊन परत करायची घाई सुरू झाली होती. तात्या मात्र जागेवर बसून होते; समारंभ संपल्याशिवाय उठणं म्हणजे पंगतीतून उठणं, असं त्यांचं मत. मांडीवर तांब्या.

"कुमारी ज्योत्स्ना रघुनाथ लांजेकर," कुलसचिवांनी पुकारलं. स्वच्छ, स्पष्ट. 'त', 'स' आणि 'न' तिघंही.

कुणी उठलं नाही.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या शांत बसल्या होत्या. मग त्यांनी मान वळवली आणि मागं पाहिलं. सगळ्याच मुली मागं पाहत होत्या, ही ज्योत्स्ना कोण म्हणून, आणि वहिनीही पाहत होत्या. चेहऱ्यावर थोडी कणव. कुणी बिचारी यायला चुकलेली दिसते, अशी.

"कुमारी ज्योत्स्ना रघुनाथ लांजेकर!"

ओरडावं तर मागं तात्या, न ओरडावं तर पदवी जाते. मी तोंड उघडलं. मिटलं. गाऊनची बाही हलवली. वहिनींचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या त्या हरवलेल्या मुलीला शोधत होत्या.

"हजर नाहीत," कुलसचिव शेजारच्या कारकुनाला म्हणाले आणि त्यांनी ती गुंडाळी बाजूच्या ढिगात ठेवायला हात लांबवला.

तेवढ्यात मागून आवाज आला. बाजाराच्या दिवशी रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक तात्या ज्या आवाजानं थांबवत असत, तो.

"अगं कमल, ऊठ! ज्योत्स्ना म्हणजे तूच!"

सबंध मांडव वळला. पाहुण्यांच्या शेवटच्या रांगेत तात्या उभे होते, हातातला तांब्या डोक्यावर धरून, जणू त्यावरचं नाव कुलगुरूंना तिथून वाचता यावं. "थांबा हो!" ते कुलसचिवांना म्हणाले. "ठेवू नका तो माल! आहे ती. हजर आहे. नाव बदललंय, मीच बदललंय!"

हशा पिकला. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनीच वाजवल्या.

वहिनी उठल्या. सासरे बघताहेत हे ध्यानात येताच त्यांनी पहिली गोष्ट केली ती अशी, की गाऊनखालून पदर ओढून काढला आणि डोक्यावर घेतला. काळा गाऊन, त्यावर विद्यापीठाचा रंगीत पट्टा, त्यावर हिरव्या लुगड्याचा पदर. अशा वेषात त्या व्यासपीठावर चढल्या. कुलगुरूंनी पदवी पुढं केली, तर यांनी आधी वाकून नमस्कार केला. कुलगुरू गडबडले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अखंड सौभाग्यवती भव." हातात कागद कुमारीचा होता. पण कुणी हरकत घेतली नाही.

मांडवाबाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली आम्ही बसलो. मी तात्यांकडे बघत नव्हतो. वहिनी त्यांच्याकडे बघत नव्हत्या. तात्या तांब्याची फिरकी उघडत होते.

"भाकरी काढ," ते म्हणाले.

वहिनींनी भाकरी काढली. गुंडाळी मांडीवर होती, ती घरंगळली. तात्यांनी ती उचलून झाडाच्या बुंध्याशी टेकवून ठेवली.

"किती दिवसांचं चाललं होतं?"

"चार वर्षं," वहिनी म्हणाल्या.

"वाचायचीस कुठं?"

"माजघरात. दुपारी, तुम्ही झोपल्यावर."

"मी दुपारी झोपत नाही. डोळे मिटून पडतो."

"मग घोरायचं कोण?" मी विचारलं.

"तू गप्प बस, नऱ्या. दशरथाला माहीत होतं?"

"हो," वहिनी.

"आणि हा?"

"पुस्तकं माझीच होती, तात्या."

"म्हणजे घरात माहीत नसलेला मी एकटा."

"मांजरालाही नव्हतं," मी म्हणालो. तेवढाच दिलासा.

तात्यांनी एक घास चावून चावून खाल्ला. "कितव्या वर्गात पास झालीस?"

"दुसऱ्या."

"आणि हा?"

"तिसऱ्या," मी म्हणालो.

"पुस्तकं तीच?"

"तीच. पण आधी त्या वाचायच्या. माझ्यापर्यंत येईतो त्यातलं बरंचसं संपलेलं असायचं."

तात्या हसले नाहीत. पण भाकरीचा पुढचा तुकडा त्यांनी चटणीत जरा मोकळेपणानं बुडवला. मग वहिनींना म्हणाले, "कागद पोस्टानं आला असता की. इथवर कशाला आलीस?"

वहिनींनी हातातली भाकरी खाली ठेवली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"नाव ऐकायला," त्या म्हणाल्या. "लग्नात तांदळात 'कमल' लिहिलं, त्यानंतर त्या नावानं कुणी हाक मारली नाही. माहेरीसुद्धा नाही. बाबाही आता कमलच म्हणतात, सासरचा मान म्हणून. म्हटलं, एकदा कुणीतरी ते मोठ्यानं घेईल, चार माणसांत. मी ऐकेन. मग नाही घेतलं कुणी तरी चालेल." त्या हसल्या. "तर त्यांनी घेतलं, तात्या, आणि मीच मागं वळून बघतेय, कोण बिचारी आली नाही म्हणून."

हसता हसता त्यांना पुढचं हसता आलं नाही. पदर तोंडावर गेला.

तात्यांनी तांब्या हातात घेतला. फिरवला. इतक्या वर्षांच्या पाण्यानं आणि चिंचेनं टिंबं झिजली होती, पण नाव वाचता येत होतं.

"'स' राहिला," ते म्हणाले. "गुरुजींना म्हटलं होतं, पुढच्या आठवड्यात करून देतो. त्या आठवड्यात लग्नच ठरलं."

"तात्या," वहिनींनी धीर करून तोंड उघडलं, "कन्याशाळेतल्या बाई म्हणत होत्या, जूनपासून..."

"भाकरी खा," तात्या म्हणाले.

आणि तो विषय तिथंच राहिला.

घरी आल्यावरही राहिला. मी बी. ए. होऊन घरी बसलो होतो, म्हणजे दुकानात बसलो होतो, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. महिने जात होते. वहिनी पुन्हा विचारत नव्हत्या. दादा काही बोलेल अशी आशा कुणीच धरली नव्हती. कन्याशाळेच्या बाई एकदा चरवी घ्यायच्या निमित्तानं आल्या, तात्यांकडे बघून हसल्या आणि चरवी घेऊन गेल्या. तात्यांनी चरवीवर बाईंचं नाव घालून दिलं. बाकी काही नाही. रात्री जेवताना वहिनी वाढत, तात्या जेवत, आणि जून जवळ येत होता.

मला एकच गोष्ट वेगळी दिसली. गिऱ्हाईक नसलं की तात्या पाठ करून बसत आणि पत्र्याच्या तुकड्यावर ठोकत. काय, म्हणून विचारलं तर म्हणत, "छिन्नीला धार आहे का बघतोय." एकदा ते जेवायला आत गेल्यावर मी तो तुकडा बघितला. त्यावर 'ज्योस्त्ना' होतं. त्याखालच्यावर 'ज्योत्सना'. कोपऱ्यात पत्र्यांची एक लहानशी चळत होती आणि तिच्यात ते नाव जितक्या प्रकारे चुकता येतं तितक्या प्रकारे चुकलेलं होतं. मी सगळं होतं तसं ठेवलं आणि गंभीर चेहऱ्यानं जेवायला गेलो.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सकाळी तात्यांनी दुकानातून हाक मारली.

"सूनबाई, जरा बाहेर ये."

वहिनी हात पुसत उंबऱ्यापाशी आल्या. दुकानात समोरचे शेडगे आणि आणखी एक-दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर तात्यांनी फडक्यात गुंडाळलेली वस्तू पुढं केली.

"तुझ्या वडिलांची ऑर्डर," ते म्हणाले. "जरा उशीर झाला."

फिरकीचा तांब्या होता. नवा कोरा, आरशासारखा घासलेला. वहिनींनी तो उजेडाकडे धरला. मीही मान लांब करून वाचलं. टिंबं एका ओळीत होती, फक्त दुसऱ्या अक्षरापाशी दाटी झाली होती, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून तिघं उभे असल्यासारखी. 'ज्योत्स्ना, बी. ए.' एवढंच.

"आडनाव?" शेडग्यांनी डोकावून विचारलं. "लांजेकर की वडके?"

"जागा राहिली नाही," तात्या म्हणाले. "त्या एका अक्षरानं सगळी खाल्ली."

वहिनी बोटानं ते अक्षर चाचपत होत्या. "तात्या," त्या हळूच म्हणाल्या, "'स' आहे."

"आहे ना? मग झालं तर."

"पण तांब्या कशाला, तात्या? घरात आहेत की."

"शाळेतलं पाणी तुला सोसायचं नाही," तात्या म्हणाले आणि छिन्नी पुसून डब्यात ठेवली.

शेडगे खाकरले. पेठेतला माणूस, विचारल्याशिवाय कसा जाईल? "म्हणजे सूनबाई नोकरीला जाणार काय, वडके? का हो, दुकान..."

"दुकान बरं चाललंय," तात्या म्हणाले. "पण या तांब्याचा इलाज नाही. नाव घातलंय त्याच्यावर. आता परत घेता येत नाही."